गाडी तापते कधी, ते आधी सांगा

मे महिन्यातली दुपार. देवगडहून आंब्याच्या चार पेट्या घेऊन आम्ही कोल्हापूरला परतत होतो. वैभववाडी मागं पडली, करूळ घाट सुरू झाला आणि चार-पाच वळणांनंतर एसीतून कोमट वारा यायला लागला. मला वाटलं, एसीचा गॅस गेला. बायको म्हणाली, "अहो, तो काटा बघा." तापमानाचा काटा रोजची मधली जागा सोडून लाल पट्टीच्या उंबऱ्यावर उभा होता. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर आंब्यांच्या वासात बसून काढला. मग काचा खाली, एसी बंद, थोडं चढायचं नि थांबायचं असं करत गगनबावडा गाठला.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "रेडिएटर गेला. नवा टाकायला लागंल." आकडा ऐकून मी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांनीही बॉनेट उघडलं नाही, पण प्रश्न विचारला. "तापती कधी ते सांगा आधी. गावात, हायवेला, का घाटात?" मी आठवून सांगितलं, की हायवेला कधीच नाही; संध्याकाळी रंकाळ्यावरच्या गर्दीत काटा जरा वर दिसायचा, मी लक्ष दिलं नव्हतं. मेस्त्री हसले. "मग रेडिएटर कशाला बदलताय? पंखा फिरतोय का ते बघितलंसा का?"

पंखा फिरतच नव्हता. दोन-तीनशे रुपयांचा रिले जळला होता.

पुढं जे लिहितोय ते बहुतेक त्या एका प्रश्नातून आलंय. गाडी तापणं हा आजार नव्हे, ते लक्षण आहे; आणि त्यामागच्या निम्म्याहून अधिक कारणांचा माग घरच्या अंगणात, एक बॅटरी, एक जुनं फडकं आणि थोडा धीर एवढ्यावर लागतो.

बंब आणि इंजिन

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना गाडीचं इंजिन समजवायला फार शब्द लागत नाहीत. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव आणि तिच्या भोवती पाणी. इंजिनातही तेच. मधे सिलेंडर, त्यात पेट्रोल किंवा डिझेल जळतंय. भोवतीच्या बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भिंतीत पोकळी सोडलेली आणि त्या पोकळीतून पाणी वाहतंय. फरक इतकाच, की बंबातलं पाणी तापावं म्हणून आपण जाळ घालतो, इथं विस्तवाचं घर तापू नये म्हणून पाणी घालतो. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराड्यातून बाहेर पडते आणि उरलेली बरीचशी या पाण्याला वाहून न्यावी लागते.

पंचगंगेच्या काठावर ऑईल इंजिनं चालायची तेव्हा त्यांचं पाणी फुकटात मिळायचं. पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवून परत पाटात सोडलेली असायची. शेतकरी येता-जाता त्या धारेखाली हात धरायचा. धार कोमट असली की ठीक, चटका बसला की काहीतरी बिघडलंय. गाडीला सोबत नदी नेता येत नाही, म्हणून तेच चार-सहा लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या होज पाईपमधून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना समोरच्या वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाईपनं परत इंजिनात जातं. फिरवतो वॉटर पंप. वाट उघडतो-मिटतो थर्मोस्टॅट. वारा कमी पडला की पंखा लागतो.

राहिलं झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तेवढ्या बारचा दाब ते आत धरून ठेवतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे उघड्या पातेल्यात आपल्याकडं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. झाकणाच्या दाबाखाली तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं, की हा सगळा फायदा गेला. मग बाकी सगळं धडधाकट असूनही गाडी घाटात उकळते. झाकण ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि सगळ्यात उशिरा तपासली जाते.

हळू चालताना की वेगात?

मेस्त्रींच्या प्रश्नाचं मोल इथं आहे. ८० च्या वेगानं जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर वारा आपोआप आदळतो, पंखा नसला तरी चालतं. गावात गाडी मुंगीच्या पावलानं चालते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून जी गाडी सिग्नलला, गर्दीत किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या घाटात तापते आणि हायवेला निवते, तिचा पंखा आधी बघायचा. आपल्याकडं थंडीच्या हंगामात ही परीक्षा आपोआप होते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं कळ्याच्या रस्त्यावर पाच किलोमीटर अडकलात, की पंखा चालतो की नाही ते काटाच सांगतो. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकाकडं निघते तेव्हा लोक तिचा रुबाब बघतात. मला मात्र दरवेळी वाटतं, माणसाच्या चालीनं मिरवणुकीत जाणं हे मोटारीसाठी शर्यतीपेक्षा अवघड काम.

याच्या उलट गाडी गावात ठीक आणि पुण्याच्या रस्त्याला वेग धरला की तापत असेल, तर वारा भरपूर आहे, पाणी कमी पडतंय असा अर्थ. रेडिएटर आतून क्षारानं चोंदला असेल, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाईप मऊ पडून पंपाच्या ओढीनं आत चिकटत असेल.

चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा चढला तर तीन-चार शक्यता: पाणीच नाही, पाण्यात हवा अडकलीय, थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिलाय, नाहीतर इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. फक्त घाटातच तापते, पंखा नीट, पाणी नीट, तर क्लच घसरतोय का आणि एखाद्या चाकाचा ब्रेक जाम आहे का तेही बघा. घाट संपल्यावर चारी चाकांजवळ हात नुसता लांबून धरला तरी कुठलं चाक जास्त तापलंय ते कळतं.

हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल दिवा, बस्स. लाल दिवा लागतो तेव्हा चोर घरातून निघून गेलेला असतो. अशा गाडीवाल्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारं ब्लूटूथ यंत्र घ्यावं, म्हणजे मोबाइलवर पाण्याचं तापमान अंशांत दिसतं. ८५ ते १०० च्या दरम्यान आकडा खेळत असेल तर निर्धास्त राहा. बऱ्याच गाड्या इंजिन तापायला लागलं की एसी आपणहून बंद करतात. करूळ घाटात मला कोमट वारा आला तो त्यामुळं, आणि मी गॅसला दोष देत होतो.

एक फसवी गोष्ट इथंच सांगतो. सगळं पाणी गळून गेलं असेल, तर तापमान मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर, नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा एकाएकी खाली पडला आणि इंजिनाचा आवाज खडखडीत झाला, तर "बरं झालं, निवली" म्हणून पुढं जाऊ नका.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता ओढून तुमच्या अंगावर फेकतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, खालचा गिअर टाका. इंजिन हलकं चालतं आणि पंपही जोरात फिरतो. दोन मिनिटांत काटा उतरला नाही, किंवा बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली, की सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करायचं.

झाकणाला हात लावायचा नाही. आत शंभराच्या पुढचं पाणी दाबाखाली आहे. झाकण सैल झालं की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. बॉनेट उघडून ठेवा आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाईप हातानं दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला तरच जाड फडकं ठेवून झाकण पाव वळसा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

घाटातल्या झऱ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतणारे लोक मी आंबा घाटात पाहिलेत. मदत करायलाच आलेले असतात बिचारे. तापलेल्या धातूला एका जागी गार पाणी लागलं, की तो तडकतो. आत पाणी भरायचं तेही इंजिन निवल्यावर, धार बारीक ठेवून.

पाणी जातंय कुठं?

"रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, काही त्रास नाही," असं सांगणारे भेटतात. बंद साखळीतलं पाणी रोज तांब्याभर कमी होतंय, म्हणजे ते कुठंतरी जातंय. ते कुठं जातंय ते शोधायचं सोडून तांब्या जवळ ठेवणं मला पटत नाही.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठं पडलाय बघा. एसीचं पाणीही गाडीखाली टपकतं, पण ते स्वच्छ असतं आणि बोटाला बुळबुळीत लागत नाही. इंजिनाच्या पाण्यात मिसळलेलं कूलंट रंगीत आणि चिकट असतं. डाग अगदी पुढं असेल तर रेडिएटर किंवा खालचा पाईप. इंजिनाच्या बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की तिथून थेंब गळतात आणि वाळून हिरवट-गुलाबी ओघळ उमटतो. ते भोक एमसील लावून बुजवणारा कारागीरही मी पाहिलाय. पंपानं दिलेला इशाराच त्यानं बंद केला.

पाईपच्या क्लिपाजवळ पांढरी पूड साठलेली दिसली, की तिथून गळती आहे. गरम असताना थेंब पडतो आणि पडल्या पडल्या वाळतो म्हणून ओल दिसत नाही. पाईप गार असताना चिमटीत दाबा. कुरकुर आवाज आला किंवा भेगा दिसल्या तर बदला. सकाळी वरचा पाईप चपटा झालेला दिसला तर दोष पाईपचा नाही, झाकणाचा आहे: गाडी निवताना बाजूच्या बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेणारी झाकणातली छोटी झडप अडकलीय.

पुठ्ठा कोरडा आणि पाणी तरी कमी? मग डावीकडच्या सीटपुढची मॅट उचला. खाली ओलं असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर हीटरची नळी गळतेय. तिथंही कोरडं असेल तर पाणी इंजिनातच जळतंय. त्याचं शेवटी बघू.

पंखा

ही परीक्षा सर्वांत सोपी. इंजिन चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायलाच हवा. एसीवर फिरतो पण पाणी ९५-१०० च्या पुढं गेलं तरी आपणहून लागत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं जायचं.

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. पंख्याचा रिले आणि हॉर्नचा किंवा दिव्याचा रिले पुष्कळदा एकाच नंबरचे असतात. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. पंखा लागला आणि हॉर्न गेला, की चोर सापडला. हे मला करूळ घाटात माहीत असतं तर गगनबावड्याला दोन तास आधी पोचलो असतो. रिले बदलूनही पंखा गप्प असेल तर त्याचा प्लग काढून बॅटरीवरून दोन वायरींनी थेट वीज द्या, मधे फ्यूज ठेवून. तरीही फिरला नाही तर मोटर गेली. काडीनं ढकलल्यावर फिरायला लागला तर तिचे कार्बन झिजलेत, आज ना उद्या जाणारच.

हे सगळं करताना बोटं पात्यांपासून लांब. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा आपणहून लागतो.

रेडिएटर: पाचट, काळी वाळू आणि पुराचा गाळ

रेडिएटर दोन ठिकाणी चोंदतो, बाहेरून आणि आतून. बाहेरचा चोंदा आपल्या भागाचा खास आहे. हंगामात उसाचा पाला आणि पाचटीची कुसं, संध्याकाळचे किडे, शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर फौंड्रीची काळी बारीक धूळ. हे सगळं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ. मागच्या फटीत बॅटरी मारली की गोधडी अंथरलेली दिसते. साध्या पाइपानं, बेताच्या दाबानं, इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला पाणी मारा, म्हणजे आलेला कचरा आल्या वाटेनं जातो. सर्व्हिसिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमची नाजूक पाती आडवी पडतात आणि वारा कायमचा अडतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दोन पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, काही विकल्याही गेल्या. जुनी गाडी घेताना रेडिएटरच्या पात्यांमधे बोटाचं नख फिरवा. वाळलेला गाळ विटेसारखा घट्ट बसलेला असतो. पंख्याच्या मोटरचं बेअरिंगही त्याच पाण्यात गंजलेलं असतं. सीटची कव्हरं नवी घालता येतात, पण या फटीतला गाळ कोणी काढत बसत नाही.

आतला चोंदा क्षारांचा. जुन्या बंबाच्या आत जो पांढरा थर बसतो तोच इथं बसतो, फक्त इथल्या नळ्या काडीएवढ्या. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की पुरतं. गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या पृष्ठभागावरून हात थोड्या अंतरावरून फिरवा. एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. असा रेडिएटर रसायनानं थोडाफार सुटतो, पण निम्मा चोंदलेला असेल तर बदलण्यातच शहाणपण. गळती थांबवायच्या पावडरी तर घालूच नका, त्या गळतीबरोबर हीटरच्या नळ्याही बुजवतात.

पातेल्यातला थर्मोस्टॅट

"थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, आपल्याकडं बर्फ पडतोय व्हय?" हे वाक्य मी तीन गॅरेजांत तरी ऐकलंय. सल्ला मनापासूनचा, पण चुकीचा. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर योग्य तापमानाला आणतो आणि तिथं धरून ठेवतो. तो काढला की इंजिन गारठ्यात चालतं, गाडी जास्त पेट्रोल पिते, न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला बगल देऊन आडवाटेनं परत इंजिनात जातं, म्हणजे गाडी आणखी तापते.

संशय कसा येतो? गाडी तापलीय, वरचा पाईप चटका देतोय आणि खालचा गार आहे. पाणी रेडिएटरपर्यंत फिरतच नाही. इंजिन पूर्ण निवल्यावर वरच्या किंवा खालच्या पाईपच्या टोकाशी असलेलं दोन-तीन बोल्टांचं झाकण उघडलं की थर्मोस्टॅट हातात येतो: पितळी रंगाची चकती, स्प्रिंग आणि मधे मेणानं भरलेली कुपी. मेण तापून फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. एवढंच यंत्र, त्यात वीज नाही की काही नाही.

त्याच्या कडेला ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो. जुन्या डब्यात पाणी घ्या (स्वयंपाकाचं पातेलं नको, कूलंट विषारी असतं), थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेगडी पेटवा. थर्मामीटर असेल तर त्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागलेली दिसेल आणि पाणी उकळीला येईपर्यंत आठेक मिलिमीटर उघडेल. थर्मामीटर नसेल तर युक्ती अशी: झडपेच्या फटीतच दोरा अडकवून लोंबता ठेवा, झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून खाली पडतो. आपल्याकडचं ९८ अंशांचं उकळतं पाणी या परीक्षेला पुरतं. पाणी खदखदतंय आणि तरी झडप मिटलेली, तर टाकून द्या. नवा बसवताना चकतीवरचं बारीक भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची, तिथून हवा निघते. गॅस्केट नवंच घालायचं.

कूलंट, हिरवं असो वा गुलाबी

रंगावर जाऊ नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आतलं रसायन वेगळं. दोन जातींचं कूलंट एकत्र केलं की काही वेळा त्याचा चिखल होतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. डब्यावर नीट वाचा: तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं घट्ट आहे. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालणारे कमी नाहीत. घट्ट असेल तर सहसा निम्मं-निम्मं, पाणी डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीचं. कूलंट फक्त उकळणं लांबवत नाही, ते आतला गंज रोखतं, आणि आपल्या हवेत त्याचं मुख्य काम तेच आहे.

बदलायचं तर गाडी गार असताना, रेडिएटरच्या तळचा प्लॅस्टिकचा स्क्रू हलक्या हातानं सोडून. जोर लावला तर तो मोडतो आणि मग खरंच रेडिएटर बदलावा लागतो. खाली परात ठेवा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी. अंगणात सांडलेलं कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलं असतील तर जुनं कूलंट लगेच बरणीत बंद करा.

भरताना हवा अडकू नये म्हणून गाडी चढावर, तोंड वर करून लावा. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, धार बारीक. भरल्यावर इंजिन चालू करा आणि वरचा पाईप मधूनमधून दाबत राहा; बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा. पाणी तापून वर यायला लागलं की झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा आली तर आत हवा अडकलेली नाही. इंजिन गरम आणि हीटर गार असेल तर अजून अडकलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या बाटलीची पातळी बघून लो आणि फुल या रेघांच्या मधे आणा.

इथून पुढं उद्यमनगर

सगळं बघितलं, बाहेर गळती नाही आणि पाणी तरी जातंय. गार गाडी चालू केल्याबरोबर, पाणी तापायच्या आधीच, वरचा पाईप टणक होतो. झाकण उघडं ठेवून चालू केलं तर रेडिएटरमध्ये बुडबुड्यांची माळ थांबत नाही. इंजिन चांगलं गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. ऑईलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर. एवढं एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट गेलंय. नुसता झाकणाखालचा थर पाहून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तरी दमट हवेनं तो साठतो. डिपस्टिकवरचं ऑईलही ताकासारखं झालं असेल तर मात्र गाडी हलवू नका, ओढून न्या.

गॅस्केट जातं ते तापण्यामुळंच. बऱ्याच इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं हेड फुगायला जागा शोधतं आणि वाकतं. माझी गाडी त्या दुपारी आणखी दोन वळणं तशीच रेटली असती, तर रिलेच्या दोन-तीनशे रुपयांवर भागलं नसतं.

हे काम घरी करायचं नाही. पण करून घेताना एक गोष्ट समोर उभं राहून बघा. चांगला मेस्त्री हेड काढल्यावर लगेच नवं गॅस्केट घालत नाही. हेड पालथं ठेवून त्याच्यावर आडवी, तिरकी, उभी अशी सरळ पट्टी टेकवतो आणि पट्टीखाली फीलर गेजचं पातळ पान सरकवतो. मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ चं पान सहज आत गेलं, की तो मान हलवतो आणि हेड फेसिंगला धाडतो. त्या दिवशी माझा रिले बसवून झाल्यावर मेस्त्री शेजारच्या गाडीचं असंच एक हेड तपासत होते. पान मधोमध अलगद शिरलं. गाडीचा मालक बाजूलाच उभा होता. मेस्त्रींनी त्यालाही आधी तेच विचारलं, "तापत होती कधी?" तो म्हणाला, "तशी वर्षभर तापतच होती. पाणी घालत होतो की."

मेस्त्री काही बोलले नाहीत. पान पुसून त्यांनी गेज मिटवला आणि हेड पोत्यात गुंडाळायला पोराला हाक मारली.